पाळीवरचे सभासद

फोनची मेमरी भरली की फोन तसं सांगतो. नको असलेलं काढून टाका म्हणतो. आपण चार फोटो उडवतो आणि काम भागतं. माणसाच्या बाबतीत ही सोय नाही. पैसे घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर गट चालवणाऱ्या बाईच्या डोक्यात किती लोकांच्या किती गोष्टी साठतात, आणि जागा संपत आली हे तिला कुणी कळवत नाही. मग कुणी चहाला आलं की एक सांगता सांगता सात बाहेर पडतात. आज तुम्ही आलात.

'पैसे घेऊन' हे आधीच सांगून टाकते, कारण पहिला किस्सा त्याचाच आहे.

गोंदियात मुर्रीच्या रस्त्यावर आमचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान. दुकान उघडायच्या आधी मी तलावाकडे एक फेरी मारते आणि परतल्यावर रोजनिशीत दोन ओळी लिहिते. 'पाणी शांत. एक बगळा. वारा नाही.' एवढंच. एखाद्या दिवशी दोन बगळे. लग्न होऊन आले तेव्हापासूनची ही सवय. फोनला कॅमेरा आल्यावर मी त्या ओळींसोबत एक फोटो नातेवाईकांच्या गटात टाकू लागले. त्या गटात सकाळी गुलाब, देव आणि सुविचार यांची एवढी गर्दी असायची की माझा तलाव त्यात कुठं बुडाला ते मलाच सापडायचं नाही. तरी बाहेरगावी गेलेली माणसं शोधून काढायची. शारजात कामाला असलेल्या माझ्या मावसभावाचा, पवनचा निरोप आला, "ताई, मला फक्त तलाव पाठवत जा. गुलाब नको."

मग पवनच्या मित्राला तलाव हवा झाला. मग मित्राच्या बहिणीला. तिचं माहेर कामठ्याचं, म्हणून तिला कामठ्याची सकाळ हवी. आता कामठ्याला रोज कोण जाणार?

माझे दीर, रमेश भाऊजी, बियाणं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे फिरतीवर आहेत. मोटारसायकलवर सारा जिल्हा पालथा घालतात. ते म्हणाले, "वहिनी, फोटो काढतो, आवाजही भरून आणतो. पण गाडी काय तलावाच्या पाण्यावर चालते का?"

म्हणून वर्षाची फी ठरली. गटाचं नाव ठेवलं 'पाळ'. आमच्याकडे तलावाच्या बांधाला पाळ म्हणतात. संध्याकाळी माणसं पाळीवर जाऊन बसतात, त्याला काही कारण लागत नाही. नियम दोनच केले. सकाळी एक फोटो किंवा मिनिटभराचा आवाज, आणि खाली दोन ओळी. मग दिवसभर कुणी काही लिहायचं नाही. दिवे लागायच्या सुमाराला सगळ्यांनी पाळीवर यायचं, तेव्हा काय बोलायचं ते बोलायचं.

सासूबाईंना फी मुळीच पटली नाही. त्या म्हणाल्या, "तलाव सरकारचा, पानी देवाचं, डोळे ज्याचे त्याचे. मंग पैसे कायचे?"

मी तेच वाक्य, एक अक्षर न बदलता, गटाच्या माहितीत लिहून टाकलं. लोकांनी ते वाचलं आणि पैसे भरले!

* * *

दसऱ्याच्या सुमाराला पुण्याहून कापगते काकांचा फोन आला. मूळचे अर्जुनी मोरगावकडचे, रेल्वेतून रिटायर झालेले. रेल्वेच्या माणसासारखी त्यांनी आधी सगळी चौकशी केली. सकाळी किती वाजता येतं, लेट होतं का, रविवारी असतं का. मग म्हणाले, सभासद मी नाही होणार, आमच्या मंडळींना करायचं आहे.

मंडळी म्हणजे पार्बता काकू. काकांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर झोपावं लागायचं आणि ती सोय मुलाच्या घराजवळ होती. म्हणून दोघांनी गावच्या घराला कुलूप लावलं आणि अकराव्या मजल्यावर राहायला गेले. शेती तुळशीराम नावाच्या गावातल्याच माणसाला करायला दिली.

गावात काकूंचा आवाज असा, की त्यांनी शेतातून हाक मारली की तलावापलीकडचा माणूस 'आलो' म्हणायचा, मग हाक त्याला असो की नसो. पुण्यात आल्यापासून त्या 'हो', 'नाही' आणि 'जेवा' एवढ्यावर आल्या होत्या. सुनेनं एकदा बोलतं करायचं म्हणून गावच्या शेजारणीचं नाव विचारलं, तर काकू खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मुलाला वाटू लागलं, आईला विसरायचा आजार लागला.

काका सांगत होते आणि मी दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून ऐकत होते.

"ताई, ती माझ्यासाठी इथं आली," काका म्हणाले. "मशीन सोडून मले तिकडे जाता येत नाही. ती नाही बोलली तरी चालंल. पण तिले आठवते का नाही, एवढं मले समजलं पाहिजे."

मी म्हटलं, काका, आम्ही तर फक्त तलाव पाठवतो.

"तेच पाठवा. गोळ्या डॉक्टर पाठवूनच राहिला."

त्या दिवसापासून संध्याकाळी पाळीवर पहिला निरोप काकांचा यायला लागला. 'आज पाहिलं. काही म्हणाली नाही.' रोज तेवढाच. आधी मला वाटलं, लोक कंटाळतील. पण एकदा काका मशीनवर होते म्हणून निरोपाला उशीर झाला, तर कुणी दुसरं काही लिहीचना. सगळे आले होते, तसेच बसून होते. शेवटी काकांनी लिहिलं, 'आज पाहिलं. काही म्हणाली नाही.'

मग गप्पा सुरू झाल्या.

* * *

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. एकेका गावाचा एकेक दिवस. त्या दिवशी त्या गावच्या लेकी, जावई, पाव्हणे, सगळे हजर होतात. जे येऊ शकत नाहीत ते त्या दिवशी जिथं असतील तिथं जरा उदास असतात. यंदा सभासदांनी हट्ट धरला, मंडई लाइव्ह दाखवा. त्यासाठी मी फेसबुकवर सभासदांपुरतं एक बंद पान काढलं आणि भाऊजी दुपारी फोन वर धरून कामठ्याच्या मंडईत शिरले.

गावात टॉवर एक, आणि मंडईत आलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन. दोन मिनिटं चित्र नीट चाललं. मग थांबलं. थांबलं ते एका फुगेवाल्यावर. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, तोंडाशी गुलाबी फुगा, अर्धा फुगलेला. आवाजही बंद.

भाऊजींना याचा पत्ता नाही. ते दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक, दाखवून राहिले, पाळणे दाखवून राहिले, बांगड्यांची दुकानं, जिलबीची कढई. इकडे सगळ्यांना दिसतो तो फुगा.

मला वाटलं, आता एकेक जण उठून जाईल. कुणी गेलं नाही. दहा मिनिटांनी एकानं लिहिलं, 'फुगतो का नाही?' दुसऱ्यानं लिहिलं, 'हवा कमी पडून राहिली.' कामठ्याच्या माहेरवाशिणीनं विचारलं, 'आपल्या लहानपणी हाच होता का?' तिच्या भावानं उत्तर दिलं, 'तेव्हा याचा बाप होता. फुगा हाच.' ऊन कलेपर्यंत ते असेच बसून होते. शारजात, पुण्यात, सुरतेत, जो तो आपापल्या ठिकाणी, एका गुलाबी फुग्याकडे पाहत.

मग रेंजच गेली.

भाऊजी घामाघूम होऊन परतले. दंडार नीट दिसली का, असं मोठ्या उत्साहानं विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना फार आवडलं. खोटं नव्हतं ते. पुढचा आठवडाभर मला एकच प्रश्न येत होता, 'ताई, तो फुगा मग कुणी घेतला?'

कापगते काकांचा निरोप त्या संध्याकाळी थोडा लांब होता. 'शेवटपर्यंत पाहिलं. काही म्हणाली नाही. पण गाल फुगवून बसली होती.'

* * *

सभासदांत एक सबनीस साहेब होते, नाशिकचे. आमच्या भागाशी त्यांचा काही संबंध नाही. कुणीतरी पाठवलेला एक फोटो पाहून फी भरून मोकळे झाले. मनुष्य सज्जन, पण व्यवस्थितपणाची फार आवड. मला 'संचालिका महोदया' लिहायचे. घरात त्यावरून माझी बरीच थट्टा झाली.

जानेवारीत तीन दिवस दाट धुकं पडलं. असं धुकं, की पाळीवर उभं राहिलं तरी पाणी दिसत नव्हतं. फक्त पाण्याचा वास येत होता, आणि आत कुठंतरी कुणीतरी कपडे आपटत होतं. मी तिन्ही दिवस फोटो काढला. तिन्ही दिवस पांढरा. खाली लिहिलं, 'धुकं.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'धुकं.' तिसऱ्या दिवशी काय लिहावं याचा विचार केला आणि लिहिलं, 'धुकं.'

तिसऱ्या संध्याकाळी सबनीस साहेब पाळीवर आले. 'संचालिका महोदया, गेले तीन दिवस आपण एकच फोटो पाठवत आहात आणि त्यात काहीही नाही. सशुल्क गटात हे अपेक्षित नाही.'

मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर पवन लिहून गेला, 'काही कसं नाही? डावीकडे मोहाचं झाड आहे ना. त्याच्या खाली दगड.' सुरतेच्या एकानं लिहिलं, 'दगडावर बाई धुणं धुऊन राहिली.' कामठ्याची म्हणाली, 'तिच्या मागं म्हशी उतरल्या पाण्यात. एक लहान आहे, ती उतरत नाही.' आणखी कुणाला डोंगा, म्हणजे छोटी होडी, दिसला. एकाला आपली शाळा दिसली, ती खरं तर तलावापासून बरीच लांब आहे, पण त्याला कुणी टोकलं नाही. असं तासभर चाललं. त्या पांढऱ्या फोटोत शेवटी एवढं गाव भरलं, की मलाच तो पुन्हा उघडून बघावासा वाटला.

काकांनी लिहिलं, 'आज फोन हातात घेऊन बसली. काचेवर बोट फिरवत होती. पुसून राहिली का दाखवून राहिली, मले समजलं नाही. म्हणाली काही नाही.'

 सगळ्यांत शेवटी सबनीस साहेबांचा निरोप आला.

'माझ्याकडे बहुधा फोटो नीट आलेला नाही. कृपया पुन्हा पाठवावा.'

* * *

रमेश भाऊजी माणूस चांगला, पण त्यांना गप्प उभं राहता येत नाही. आवाज भरायला फोन पुढं धरला की त्यांना नेमका खोकला येतो. जंगलाच्या कडेची शांतता, लांब कुठंतरी मोर, पानांवरून ठिबकणारं दव, आणि मधोमध भाऊजींचा खोकला! मी पुष्कळ सांगून पाहिलं. खडीसाखर दिली, लवंग दिली. ते म्हणायचे, "वहिनी, हा खोकला नोहे. आवाज ऐकून घशाला वाटते, आपणही काही म्हणावं."

एकदा मात्र त्यांनी मनावर घेतलं. अख्खं मिनिट श्वास धरून, एका तलावाचा असा आवाज भरून आणला, की त्यात फक्त पाणी होतं. पाणी आणि लाटेनं हलणारं गवत. मी दोनदा ऐकला आणि खूश होऊन टाकला.

नियम दिवसभर न लिहिण्याचा. पण दुपारपर्यंत मला वेगवेगळे सात-आठ फोन आले.

"ताई, भाऊजी बरे आहेत ना?"

* * *

सासूबाईंना फी पटली नाही, पण पाळ हळूहळू पटली. संध्याकाळी त्या दुकानात माझ्याजवळ बसायच्या आणि विचारायच्या, पाळीवर कोण कोण आलं. मी एकेकाचा निरोप वाचून दाखवायची. त्या उत्तर सांगायच्या, मी लिहायची. सुरतेच्या माणसानं पाठ दुखते म्हणून लिहिलं, तर यांनी निरगुडीचा पाला शेकायला सांगितला. त्यानं तो सुरतेत शोधला आणि शेकलाही. काकूंचं रोज विचारायच्या. "बोलली का ते पुन्याची?" नाही म्हटलं की म्हणायच्या, "बोलंल. भरलं घर सोडून गेली, तोंड उघडाले टाइम लागते."

फोन म्हणजे काय हे त्यांना चांगलं कळायचं. तरी थंडीत एकदा गप्पा रंगल्या होत्या, मी वाचत होते, आणि बाहेर दव पडायला लागलं. सासूबाईंनी शाल डोक्यावरून घेतली आणि मला म्हणाल्या,

"आता घरी जा म्हन त्याहिले. पाळीवर गारठा झाला."

मी तसं लिहिलं. एकेक करून सगळे उठले.

* * *

उन्हाळा सरता सरता भाऊजींना सारसाची जोडी सापडली. हे पक्षी माणसाएवढे उंच, राखाडी, डोकं लाल. आमच्या जिल्ह्यात धानाच्या शेतात उतरतात. कुणाच्या बांधीत त्यांनी घरटं केलं तर तेवढा तुकडा लोक तसाच सोडतात. बांधी म्हणजे धानाचा एकेक वाफा. भाऊजींनी चार सकाळी घालवल्या. पाचव्या सकाळी दोघांनी माना वर केल्या आणि एकदम हाक दिली. एक सुरू करतो, दुसरा पूर्ण करतो, मधे फट राहत नाही.

पवन शारजात सकाळी कामगारांच्या बसनं साइटवर जातो. त्यानं बसमध्ये तो आवाज लावला. बाहेर वाळू, आतमध्ये निम्मे लोक झोपलेले. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि मागं वळून विचारलं, "ये किसने बजाया?"

पवन घाबरला. त्याला वाटलं, बसमध्ये गाणी लावायला मनाई असेल.

ड्रायव्हर उत्तर प्रदेशचा होता. म्हणाला, "ये तो हमारे गाँव की चिड़िया है. तुम लोग कहाँ से ले आए?"

पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग गाडी सुरू केली. पवनच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी त्यानं बस अशी चालवली, जशी तिच्यात दुधाच्या घागरी ठेवल्या आहेत.

पवननं त्याच्या नावानं फी भरली. मी कळवलं, बाबा, त्याला मराठी येत नाही, आपल्या दोन ओळी तो कशा वाचणार?

पवननं लिहिलं, 'ताई, सारसालाही येत नाही.'

त्या संध्याकाळी काकांचा निरोप आला तो मी सासूबाईंना दोनदा वाचून दाखवला. 'आज दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा तिनं लावाले सांगितलं. हातानं.'

* * *

आता शेवटचा.

आषाढात कापगते काकांचा फोन आला. आवाज खाली गेला होता. मुलानं आईसाठी मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली होती, सोमवारची. तो डॉक्टर आठवण तपासतो म्हणे. आज वार कोणता, हे शहर कोणतं, आपण कितव्या मजल्यावर राहतो, असं विचारतो. काका म्हणाले, तिला यातलं एकही सांगता येणार नाही. तिनं हे शहर पाहिलंच नाही, ती फक्त इथं आली. मग डॉक्टर कागदावर लिहून देईल, आणि एकदा लिहून दिलं की मुलगा तेच खरं धरेल. उद्या मशीननं मला दगा दिला, तर तिला गावाला एकटं कुणी जाऊ देणार नाही.

मी सोमवार कितवा ते कॅलेंडरवर पाहिलं. 

"ताई, एक मागतो," काका म्हणाले. "तलाव बहुत झाले. आमच्या बांधीत सध्या धानाची रोवणी सुरू असंल. तेवढी दाखवा तिले. सोमवारच्या आधी."

शनिवारी भाऊजी पहाटेच निघाले. गोंदियाहून अर्जुनी मोरगाव काही जवळ नाही, त्यात वाटेत दोनदा पाऊस लागला. तुळशीरामनं त्यांना शेतावर नेलं. दुपारी त्यांनी मला व्हिडिओ पाठवला. आभाळ खाली उतरलेलं, झाडांच्या शेंड्यांना टेकलेलं. बांधीत पाणी, पाण्यात आभाळ, आणि त्या दोन आभाळांच्या मधे बायकांची एक वाकलेली रांग, हळूहळू मागं सरकणारी. कुणीतरी गुणगुणत होतं. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, रोपांची जुडी उडत यायची आणि पाण्यात छप्प पडायची. भाऊजी अगदी आत शिरून उभे होते, त्यामुळे रोपं लावणाऱ्या बोटांचा चिखलही दिसत होता. एकदा क्षणभर खालच्या कोपऱ्यात त्यांच्या काळ्या बुटाचं टोक आलं. मी ते पाहिलं, पण त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

रविवारी सकाळी टाकला. खाली लिहिलं, 'आभाळ उतरलेलं. रोवणी सुरू.'

भाऊजी तेव्हा दुकानातच होते. कामठ्याकडे निघायचं होतं, हेल्मेट हातात होतं. सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. चहा ओतावा म्हणून मी उठले आणि फोन वाजला. काकांच्या नंबरवरून गटावर निरोप, बोलून पाठवलेला. संध्याकाळच्या आधी काकांनी कधी काही पाठवलं नव्हतं.  सासूबाई म्हणाल्या, लाव.

आधी पंख्याची घरघर आली. मग एक आवाज आला, जो आम्ही कुणीच कधी ऐकला नव्हता.

"कोन होय रे तो बूटवाला? बांधीत बूट घालून उभा हायेस? धान लक्ष्मी होय, तुया बापाची सडक नोहे. काढ आधी ते बूट!"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

"अन् तुळश्या, पानी एवढं काऊन भरून ठेवलास? रोप बुडून राहिलं, डोळे नाही का तुले? उगवतीकडचा धुरा फोड थोडा, उतरू दे. मांगच्या सालीही तेच सांगितलं होतं. अन् ते लाल लुगड्यातली देवकाबाईची सून नोहे का? तिले म्हना, रोप खोल नको खुपसू, वरच्यावर टेकव. तिच्या सासूनंबी जनमभर खोलच खुपसलं. अन् चौथी बाई कुठं गेली? तिथं जागा सुटून राहिली, कोनालेच दिसत नाही?"

मागून काकांचा आवाज आला. अगदी हळू, कुणी झोपेतून उठू नये असा.

"अवं, बटन दाबलेलं आहे. हे सगळ्याहिले ऐकू जाऊन राहिलं."

"जाऊ दे. संपलं तर पुन्हा दाबा. माहं झालं नाही."

निरोप तिथं संपला.  सासूबाईंचा हात सुपात होता तसाच होता. फोनवर वरच्या बाजूला दिसत होतं, त्या नंबरवरून अजून काहीतरी भरलं जात आहे. भरलं जातच होतं.

भाऊजींनी हेल्मेट काउंटरवर ठेवलं, खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.